पौर्णिमेच्या रात्रीचा काळोख

१२ ऑक्टोबर, सकाळी ७
माझी कादंबरी 'देवदिवाळीचा खून' छापून आली! दोनशे वर्षांपूर्वीची काशी, भोसले घाट, नागपूरकरांचा गुप्तहेर. हिच्यासाठी बँकेतून व्हीआरएस घेतली. तीनशे प्रती पलंगाखाली. बायकोची, पद्माची, अट: देवदिवाळीपर्यंत कादंबरीचं नाव झालं नाही, तर तिच्या भावाच्या, निनादच्या, कोचिंगमध्ये गणित शिकवायचं. हसून कबूल केलं. बिचाऱ्या निनादला दुसरा माणूस शोधावा लागणार.
संकल्प: यश डोक्यात जाऊ द्यायचं नाही.

१९ ऑक्टोबर
एकही फोन नाही. रहस्य फुटू नये म्हणून लोक गप्प असावेत. चकल्या तळताना पद्मा पौर्णिमेबद्दल काहीतरी म्हणाली. प्रूफं वाचतानाही म्हणाली होती. लक्ष दिलं नाही.

२८ ऑक्टोबर, दुपार
बालाजी घाटाजवळ विष्णुकाकांकडे गेलो. पंचांगातले जाणकार. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पुस्तकावर तेच बोलणार. नववं प्रकरण चारदा वाचलं म्हणाले. चारदा! मग विचारलं, की खुनी घाटावरून गडद काळोखात पळतो तो कसा? काशीची देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेला. काळोखाची ती आपल्या मराठी घरातली, मार्गशीर्ष प्रतिपदेची, पंधरा दिवसांनंतर. मी दिवे घाटाचे घेतले आणि रात्र घरची.
परतताना दोनदा गल्ली चुकलो. उन्हामुळे.

३० ऑक्टोबर
ढग! त्या रात्री ढग असतील.
पान ८१: 'आकाश निरभ्र होते.' हे कुणी लिहिलं?

५ नोव्हेंबर, रात्री ८
काशीची देवदिवाळी. प्रात्यक्षिक हाच उपाय. खुन्यासारखी काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन भोसले घाटाच्या पायऱ्या पळत चढायच्या. कुणी ओळखलं नाही, तर काका चूक.
वर चंद्र, खाली दिवेच दिवे. चौथ्या पायरीवर चहावाला ओरडला, की गोपीनाथ भइया, तबीयत ठीक है ना? सातव्या पायरीवर बँकेतला सुशांत सहकुटुंब भेटला. सेल्फी काढला. एकूण अकरा जणांनी ओळखलं. घोंगडी पणतीवर जळली.
निष्कर्ष: गर्दी प्रमाणाबाहेर होती.

६ नोव्हेंबर
निनादचा फोन. मुदत संपली म्हणतो. मी म्हटलं, आपली देवदिवाळी २१ला. पंचांग उपयोगी पडलं.

९ नोव्हेंबर
मंडळात कार्यक्रम. काका पुस्तकावर पाच मिनिटं बोलले, तिथींवर पन्नास. टाळ्या तिथींना. नंतर लोक रांगेत आले आणि पुढच्या वर्षीचं पंचांग कुठे मिळेल ते विचारून गेले. न राहवून विचारलं, शेवटपर्यंत कुणी वाचली? मागच्या रांगेत एकच हात वर झाला. पद्माचा. दोनदा वाचली म्हणाली. खुनी बाराव्या पानावरच कळला होता, तरीही.
रडू आलं. सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

१८ नोव्हेंबर
खपलेल्या प्रती: चार. तीन विष्णुकाकांनी घेतल्या, चुकांचं उदाहरण म्हणून. अजून तीन दिवस आहेत. तीन दिवसांत जगात काय काय घडतं!

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
आपली देवदिवाळी. पद्मा नैवेद्याचे वडे तळत होती. मी भोसले घाटावर जाऊन आलो. गडद काळोख, अगदी नवव्या प्रकरणातला. पायऱ्यांवर चिटपाखरू नाही. ऊर भरून आला. मोठ्यांदा म्हणालो, आता कोण ओळखेल?
दुकान बंद करून निघालेला चहावाला अंधारातून म्हणाला, की गोपीनाथ भइया, आज कंबल नहीं लाए?
उद्या सकाळी सातची बॅच.