सागवानी एमजी

४ जून १९६७, घिवली
मोटार आणली! एमजी, टू-सीटर. अणुवीज साईटवरच्या गोऱ्या साहेबाने टाकून दिलेली. बोईसरच्या भंगारवाल्याकडून बैलगाडीवर घालून आणली. बॉडी गंजून चाळण. इंजिन एक नंबर (सध्या बंद). कॉलेज मधेच सोडलं ते याचसाठी, असं आता वाटतं. नारळी पौर्णिमेला मंजुळाला शेजारी बसवून फिरवणार. ठरलं.

११ जून
बोईसरच्या बाजारात मंजुळा सुके बोंबील विकत होती. मोटारीत बसशील का, विचारलं. हसली. म्हणाली, "मासं कुटं ठेवाचं?" म्हणजे होकारच.

२ जुलै
पत्रा गेला खड्ड्यात. नवं डिझाईन: सागवानी बॉडी, पुढे बोटीसारखं निमुळतं नाक. जगात एकमेव. लाकूड अंगणातच आहे. आमच्या बोटीचा तळ कुजलाय, त्यासाठी बाबांनी आणलेल्या फळ्या. बाबा म्हणाले, "हात लावलास तर हात तोडीन." मीही वाट्टेल ते बोललो. जेवलो नाही. (नंतर जेवलो.)

९ जुलै
बाबा आत्याकडे दातिवऱ्याला. लगेच भिका सुताराला बोलावलं. करवत हातात घेऊन म्हणे, "मंग बोट काय उघडीच ठेवाची?" पावसाळाभर बोट काठावरच असते. पौर्णिमेपर्यंत दुसऱ्या फळ्या आणू. सोपं आहे.

३० जुलै
बाबा परतले. अंगणात उभे राहिले, मग बोटीकडे गेले. एक शब्द नाही. डिझाईन पटलं असावं.

१३ ऑगस्ट
बॉडी तयार. बोटीला देतात तसे मुशीच्या (शार्क माशाच्या) तेलाचे दोन हात दिले. गावातली सगळी मांजरं मोटारीभोवती. सौंदर्य मुक्या जनावरालाही कळतं. इंजिन उद्या. फळ्या परवा.

२० ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
समुद्राला नारळ देऊन सगळ्यांच्या बोटी सजून पाण्यात उतरल्या. आमची काठावर.
मंजुळा आली! मुरब्याहून, वडील कमलाकांतकाकांबरोबर. मोटार पुढे केली (चौघांनी ढकलून). काका मोटारीला वळसा घालून थेट आमच्या बोटीखाली वाकले. तळाच्या भोकात कोपरापर्यंत हात घातला. बाबांना म्हणाले, "वामनदादा, पोरगी द्याची तर बोट बघूनच देतो आमी. जुनी असती तरी चाललं असतं. ही तर उतरतच नाय." बाबा खाली बघत राहिले. माझं नाव घेतलं नाही.
मी भडकलो. म्हटलं, मोटार बघा की! काका म्हणाले, "चालते काय?"
उद्या चालेल, म्हटलं.
जाताना मंजुळा जवळ आली. म्हणाली, "मीच आणलं बापाला. किती दिस पाय धरलं त्याचं." डोळ्यांत पाणी. मुशीच्या तेलाने असेल.

२१ ऑगस्ट
तेलाने नव्हतं.

३ डिसेंबर
मंजुळाचं लग्न. मुलगा देवू, मुरब्याचाच. बोट नवी. गेलो नाही, इंजिनचं काम होतं. दिवसभर मोटारीत बसून होतो. स्टिअरिंग उत्तम फिरतं.

१८ डिसेंबर
बाबा या वयात लोकांच्या बोटीवर जाळं ओढतात. हात सोलले आहेत. म्हटलं, तुम्ही थांबा, मी जातो. हंगामात सगळीकडे माणसं भरलेली. एकाच बोटीवर जागा होती.
देवू माणूस वाईट नाही. "कॉलेजवाल्या, जमंल काय?" एवढंच विचारलं. जमेल म्हटलं. बोट चालवणाऱ्याला बोटीवर कुणी नावाने हाक मारत नाही. सकाळी काठावर मंजुळा त्याचा डबा घेऊन उभी होती. तिच्यासमोरच मी देवूला विचारलं, "निघायचं का, तांडेल?"