मुरत ठेवलेला फंड

ती. सुनीतीताई,

कंबर परवानगी देते तेवढं वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? बिबवेवाडीत पाणी वेळेवर येतं ना? इकडे वारज्याला सगळे ठीक आहेत, तुमचे धाकटे बंधू सोडून (आजारी नाहीत, जगाचं बरं चाललंय म्हणून खंगलेत).

त्याचं असं झालं. गेल्या दिवाळीत तनयाच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांतून यांनी फोनवरच अमेरिकेतला एक फंड घेतला. बाजाराची धाकधूक वाढली की हा फंड त्या दिवसापुरता तिच्या दुप्पट वर जातो, आणि बाजार निवांत झाला की दुप्पट खाली. म्हणजे घ्यावा आणि त्याच दिवशी विकून मोकळं व्हावं, अशी वस्तू. पण तुमच्या माहेरची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: घेतलं की मुरत ठेवायचं. सासूबाईंचं लिंबाचं लोणचं तसंच, तुमच्या नानांनी घेऊन विसरलेले शेअर्सही तसेच (त्यांतूनच तर हा फ्लॅट झाला). माझ्या लग्नातल्या चादरीही कपाटात मुरत होत्या. परवा उलगडल्या, तर घडीघडीवर विरलेल्या. त्यातून कोणी काही शिकलं नाही.

तनयाने फंडाचं माहितीपत्रक वाचून दाखवलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की हा जास्त दिवस ठेवू नये, ठेवल्यास बहुतेक सगळे पैसे जाऊ शकतात. हे म्हणाले, "औषधाच्या बाटलीवरही असंच काहीतरी लिहितात." मग तिने समजावलं की शंभरातले वीस टक्के गेले की ऐंशी उरतात, आणि ऐंशीवर वीस टक्के परत मिळाले तरी शहाण्णवच होतात, बाजार हलून जागेवर आला तरी आपण मागेच. शिवाय फंडाचे जुने सौदे सतत संपतात आणि त्यांच्या जागी घ्यावे लागणारे पुढचे बहुधा महाग पडतात. "हे लोणचं नाहीये बाबा," ती म्हणाली, "हे ताक आहे."

तेव्हापासून घरात आनंदाच्या बातमीला बंदी आहे. कुठे दोन देशांत समेट झाला की हे श्रीखंड अर्धवट टाकून उठतात. खालच्या मजल्यावरचे बाबुराव जगबुडीची भाकितं करतात म्हणून त्यांना रोज चहा मिळतो, आल्याचा. खडकवासला भरल्याचं ऐकूनही यांनी सुस्कारा सोडला. मी म्हटलं, अहो, आपल्या पाण्याचा आणि त्या फंडाचा काही संबंध नाही.

मध्ये एकदा बाजार खरंच कोसळला. फंड असा उसळला की हे सुरळीच्या वड्या घेऊन आले. मी म्हटलं, आता विका. तर म्हणाले, "आत्ता कुठे मुरायला लागलंय." आठवड्यात बाजार शांत झाला आणि फंड पहिल्यापेक्षा खाली गेला. वड्या तेवढ्या नफ्यात. आता निम्मेही पैसे उरलेले नाहीत, आणि तनयाची फी पुढच्या महिन्यात आहे. ती काही बोलत नाही. त्याचाच यांना जास्त त्रास होतो, हे मला दिसतं.

फोनच केला असता, पण हे घरूनच काम करतात आणि भिंती बिल्डरने बांधलेल्या आहेत, सगळं पलीकडे ऐकू जातं.

तुमची भावजय,
पूर्वा

ता. क. खरं काम हे. रविवारी यांना फोन करून सांगा की तुम्हीही तोच फंड घेतलाय, आता काय करू? दुसऱ्याला सल्ला देताना तुमचे बंधू अत्यंत शहाणे असतात. "ताई, आजच विक" म्हणतील. मग म्हणा, मला एकटीला भीती वाटते, तू आधी विक.

ता. क. दुसरा. मी डिंक शोधायला उठले, तेवढ्यात यांनी हे पत्र वाचलं. सगळं. मग म्हणाले, "ताईला या वयात खोटं कशाला बोलायला लावतेस?" संध्याकाळी तिकडचा बाजार उघडल्याबरोबर उरलेला सगळा फंड विकला आणि तनयाच्या खोलीत जाऊन बसले. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. तेव्हा फोनची गरज नाही.

ता. क. तिसरा. पाकिटाला तिकीट लावायचं राहिलं होतं ते बरंच झालं. काल रात्री तिकडचा बाजार कोसळला. फंड उसळला. हे सकाळपासून गॅलरीत उभे आहेत, बाबुरावांनाही चहा मिळालेला नाही. तेव्हा फोन कराच. फक्त सांगताना असं सांगा, की तुम्हीही परवाच विकलात.