न घातलेला साकव

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. लग्नानंतर आपण एकाच घरात राहिलो, आणि जे सांगायचं ते चहाच्या कपाबरोबर सांगून होत असे. आज लिहिते आहे, कारण आपल्या माजघरात पलीकडच्या कोंडाच्या वाडीतली लक्ष्मी झोपली आहे. ठकूबायची धाकटी सून. तिचे दिवस भरत आले आहेत. ती इथे असायला नको होती, तिच्या स्वतःच्या घरी असायला हवी होती. तिला इथे पाहून येणारेजाणारे माझं कौतुक करतात. यात काय चुकलं आहे ते तुमच्याशिवाय कोणाला कळणार?

कोंडाच्या वाटेवरच्या पऱ्याला पाणी आलं आहे, ओढा दुथडी भरून वाहतो. साकव नाही.

तुम्हाला आठवतं, कोंडाची माणसं साकव कसा घालत? वैशाखात मुंबईच्या गिरण्यांतले मुलगे रजेवर येत. लग्नं उरकत. परत जाण्याआधी सगळे मिळून रानातून दोन खोडं ओढत आणत आणि पऱ्यावर आडवी टाकत. वर बांबू, बांबूंना वेलीचे बंध. पावसाळाभर टिकला तर ग्रामदेवतेला नारळ. वाहून गेला तर कोंड तिकडे आणि पोलादपूर इकडे. ठकूबायची थोरली सून अशीच बाळंतपणात अडून गेली. डोली काठावर ठेवलेली, पाणी उतरायची वाट पाहत. ते आपण इथे येण्याच्या आदल्या पावसाळ्यात.

ती हकीकत ऐकून आलात त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. नंतर इथल्या कचेरीचं साहेबपण सांभाळून जिल्ह्याला किती खेपा घातल्यात! दगडी खांबांचा साकव मंजूर झाला तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस झोपेल.

शिमग्याला तुम्ही कोंडावर गेलात. मीही होते. तुम्ही म्हणालात, "या वर्षी झाडं तोडू नका. साकव सरकार घालणार."

बाबूतात्यांनी विचारलं, "सरकार म्हंजे तुमीच ना सायेब?"

"मी नाही, तात्या. मी नसलो तरी साकव होणार."

"आन तुमी कुठं जाताव?"

"बदली होईल माझी."

"बदली करनाऱ्याला आमी पऱ्यात बुडवू!" तात्या म्हणाले, आणि सगळा कोंड हसला. तुम्हीही हसलात. तेव्हा बदलीपलीकडचं जाणं कोणाच्या मनात होतं?

वैशाखात मुलगे आले. तोवर तुम्हाला जाऊन महिना होत आला होता. पण तुमचा शब्द त्यांनी पाळला. एकानेही झाडाला कुऱ्हाड लावली नाही. पऱ्याच्या काठी सरकारी दगड रचून ठेवलेले त्यांनी पाहिले, त्यांवर बसून विड्या ओढल्या आणि रजा संपवून ते मुंबईला गेले. कोंडावर राहिल्या बायका, पोरं आणि बाबूतात्यांसारखे म्हातारे. खोडं उचलायला हात कुठून आणायचे?

आजवर ही माणसं फक्त स्वतःवर विसंबली. पहिल्यांदाच कचेरीवर विसंबली, आणि ते हे वर्ष!

तुमची पुस्तकं मी अजून बांधलेली नाहीत. ती लिहिणाऱ्यांतल्या तिघांची नावं मला कधी पाठ झाली नाहीत. मी त्यांना देशांवरून ओळखायची. अमेरिकन हातात घड्याळ घेऊन मजुराशेजारी उभा राहायचा आणि फावडं कसं धरलं तर माती जास्त उचलली जाते ते ठरवायचा. फ्रेंच खाणीवरचा साहेब. एका माणसाला एकच वरिष्ठ असावा, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, "मग आपल्या घरी वरिष्ठ कोण?" तुम्ही म्हणालात, "भाजीत मीठ कमी पडलं की मी, एरवी तू."

जर्मन तुमचा लाडका. अधिकार खुर्चीचा, बसणाऱ्याचा नव्हे. नियम लिहिलेले असावेत आणि सगळ्यांना सारखे असावेत. जागा परीक्षेने मिळावी, बापाकडून नव्हे. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. मला हे सगळं फार कोरडं वाटे. मी म्हणायची, "तुमच्या या पुस्तकांत कोणी मरतं की नाही?"

तुम्ही म्हणालात, "मरतात ना! म्हणून तर कचेरी लागते. खोत भला असला की गावाचं भलं व्हायचं. तो मेला, की मुलगा कसा निघतो याची वाट पाहायची. माणसाच्या भलेपणावर गाव किती दिवस टांगून ठेवायचं? आणि वाणी दुकान मांडतो ते गिऱ्हाईक पाहून. पलीकडच्या कोंडावर कोण जाणार? ज्याला नफा बघायचा नाही, त्यानेच जायचं. म्हणजे आपण."

हे मला पटलं होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग चैत्रात ताप आला. महाडला नेईपर्यंत तुम्ही बरळत होतात. त्यात दगड, चुना, रेती, सगळं होतं. त्या बरळण्यात मी मात्र नव्हते. याचा मला राग आहे, अजून आहे.

मुलगे मुंबईला परतल्यावर, ज्येष्ठ लागता लागता, कोंडाची माणसं आली. बाबूतात्या पुढे, हातात नारळ आणि लुगडं. मला वाटलं, भेटायला आली. तात्यांनी नारळ माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "वयनी, आता तुमी बसा."

"कुठे?"

"सायबांच्या खुर्चीवर. पाटील गेला, पोर नाय, तं पाटलीन वतन चालवायची. आमी बघितलेला हाय. तुमी तं शिकलेल्या. दगड पडलेलं हायत, तुमी नुसता बोला, काम चालू."

मी हसले नाही. हसता येणं शक्यच नव्हतं. सांगितलं, की ही खुर्ची वारशाने मिळत नाही.

"मंग कोनाची ती?"

"कोणाचीच नाही, तात्या."

ठकूबाय मागे उभी होती. ती पुढे झाली. "गो बाय, कोनाची नाय तं मंग इचारायचा कोनाला?"

काय उत्तर द्यायचं होतं मी? तुम्ही असतात तर काय दिलं असतं? तुमच्या जर्मनाने काय दिलं असतं? माणूस जातो आणि खुर्ची राहते, कबूल. पण रिकामी खुर्ची किती काळ रिकामी राहू शकते, ते त्याने कुठे लिहिलं आहे का?

लुगडं घेतलं, नारळ परत दिला, आणि त्यांच्याबरोबर कचेरीत गेले. महाडचे प्रभारी साहेब बाजाराच्या दिवशी इथलं काम पाहायला येतात. तुमच्याच खुर्चीवर बसतात, पण कडेला, पाहुण्यासारखे. मला पाहून उठले. सगळं ऐकून घेतलं.

म्हणाले, "वहिनी, मी प्रभारी. रोजचं काम अडू द्यायचं नाही, एवढाच माझा अधिकार. नवं काम सुरू करायचा हुकूम नेमलेल्या अधिकाऱ्याचा."

"दगड येऊन पडलेत. पाऊस तोंडावर आहे."

"मला दिसतंय. मी जिल्ह्याला दोनदा सांगितलं. पण आज मी ओळखीखातर साकव सुरू केला, तर उद्या दुसरा ओळखीखातर थांबवील. मग नियम कशाला?"

हे वाक्य तुमचं होतं! आपल्याच ओसरीवर, याच माणसाला, तुम्ही ऐकवलेलं. मी वाद तरी कोणाशी घालणार होते? त्यांनी चहा मागवला. कोंडाच्या माणसांनाही दिला. वाईट माणूस नाही तो. कोणीच वाईट नाही, आणि पऱ्यावर साकव नाही.

परतताना बाबूतात्या म्हणाले, "सायेब अस्ते तं झाला अस्ता." हे ऐकून तुम्हाला किती दुःख झालं असतं! तुमच्या सगळ्या कामाचा एवढाच अर्थ उरावा? साहेब असते तर?

थोडा रागही येतो मला. इतकं भलं का वागलात? कोंडावर जेवलात, त्यांच्या पोरांना नावांनी हाका मारल्यात, त्यांच्या लग्नांत अक्षता टाकल्यात. "मी सरकार नाही" असं तोंडाने म्हणत राहिलात, आणि त्यांनी तुम्हालाच सरकार मानलं. कोरडे वागला असतात, तर त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला नसता. विश्वास नसता, तर खोडं घातली असती. मग कसं वागायला हवं होतं? मलाही सांगता येत नाही.

परवा आभाळ भरलं तशी ठकूबाय सुनेला घेऊन निघाली. पऱ्याचं पाणी अजून घोट्याएवढं होतं. लक्ष्मीला माझ्या दारात बसवलं आणि म्हणाली, "ही तुज्या पदरात. मी जातंय, गुरां हायत." आणि आली तशी गेली. त्याच संध्याकाळी पाणी चढलं. आता ती तिकडे, सून इकडे.

एकीला घरात घेतलं, म्हणून शेजारणी मला पुण्यवान म्हणतात. तुम्हाला पुण्य नको होतं, साकव हवा होता. पुण्य एका माजघरात मावतं. तिकडे आणखी बायका आहेत, एक अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे. त्यांना मी कुठे घेऊ?

हे घरही माझं नाही. नव्या साहेबांसाठी ते रिकामं करायचा निरोप आला आहे. दादा मला महाडला न्यायला येणार होता, त्याला थांबवलं आहे. लक्ष्मी मोकळी होईपर्यंत मी इथून हलणार नाही. सरकारी घर हक्क संपल्यावर अडवायचं नाही, हे तुम्ही दहाजणांना बजावलेलं. रागवा.

नवे साहेब कधी येतील ते कोणालाच ठाऊक नाही. पाऊस सरल्यावर येतील, कदाचित त्याहून उशिरा. या वर्षापुरतं माझ्या हाती काही नाही, हे मी आता मानलं आहे. पण ते येतील त्या दिवशी मी महाडहून येईन. बाबूतात्यांबरोबर बाहेरच्या बाकावर बसेन. आमची पाळी येईल तेव्हा आत जाईन आणि साकव कधी होणार, एवढंच विचारीन. उत्तर नीट नसेल तर पुन्हा येईन. मी कोणाची कोण, ते सांगणार नाही. तुमचं नाव घेतलं तर काम लवकर होईल, हे मला माहीत आहे. तरीही घेणार नाही. तात्यांनाही घेऊ देणार नाही. हे वचन.

लक्ष्मी हाक मारते आहे. उठते.

तुमची,
सुधा