हवेत घेतलेलं माप

बाबा,

माझ्या हातची कामं आधी लिहितो, कारण तुम्ही गेल्यानंतरची तुम्हाला माहीत नाहीत. धान वाहायच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, एकतीस. वडसाच्या एका नाटक कंपनीसाठी घडीचा लोखंडी मंच. चार माणसं तो पाऊण तासात उभा करतात आणि आजवर एकाही नटाला त्यानं खाली पाडलेलं नाही. शाळेचं फाटक, ज्याच्या बिजागऱ्यासुद्धा मी विकतच्या लावल्या नाहीत. तुमच्या सुनेच्या गॅसच्या शेगडीखालचं टेबल. आणि एका स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखाली बसवलेली आडवी दांडी, लांबी एक मीटर बेचाळीस मिलिमीटर. यातलं काहीही मला कोणी शिकवलं नाही, दहावी नापास माणसानं बघून बघून केलं, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. बाकीच्या कामांबद्दल मनात काही नाही. दांडीबद्दल आहे. तेव्हा तिथे आपण दोघंच होतो, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूरला आला होतात, ते पंधरा दिवस. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. डॉक्टरांनी धुळीत बसू नका म्हटलं होतं, तरी तुम्ही रोज सकाळी माझ्या वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसत होतात. त्याच आठवड्यात कोळशाच्या ट्रकवाल्या शेठचा मुलगा ती गाडी घेऊन आला. परदेशातली, दोन सीटची, पिवळी, आणि इतकी खाली की आमच्या दारातल्या नालीवरून आणायला दोन फळ्या टाकाव्या लागल्या. नागपूरला मैदानात शंकू ठेवून त्यांच्यामधून गाडी पळवायची नि वेळ मोजायची, अशी काहीतरी शर्यत होती. वळणावर गाडीचं तोंड उशिरा वळते, असं त्याचं म्हणणं. त्यानं मासिकातून फाडलेला फोटो माझ्या टेबलावर ठेवला. "मिस्त्री, ऐसी दांडी पाहिजे. बाहेरून मागवली तर दोन महिने लागते. संडेच्या आत होते का, बोला." होते, मी म्हणालो. फोटो मी अजून नीट पाहिलाही नव्हता.

काम असं असतं. पुढच्या दोन चाकांचे शॉकॲब्सॉर्बर बॉनेटखाली पत्र्याच्या दोन बुरुजांत उभे असतात. जोरात वळलं की ओझं एका बाजूला जातं, बुरूज केसभर झुकतात आणि त्यांच्याबरोबर चाकही. दोन्ही बुरुजांची डोकी एका दांडीनं एकमेकांना जखडली की ते झुकणं कमी होतं. मी पाच मिलिमीटरच्या प्लेटा कापल्या, प्रत्येकीला तीन भोकं, बुरुजावरच्या तीन बोल्टांच्या मापानं. मध्ये सीमलेस पाइप, इंजिन चुकवून किंचित वाकवलेला. बॉनेट लावल्यावर वर किती जागा उरते ते बघायला आतून डोळा पोचत नाही, म्हणून मी घरातून कणकेचा गोळा आणून इंजिनावर ठेवला, बॉनेट दाबलं, उघडलं आणि चेपलेली कणीक व्हर्नियरनं, बारीक मापाच्या पट्टीनं, मोजली. तुमची सून दारात येऊन उभी. "आता इंजिनाले पोळ्या चारून राह्यले का?" तुम्ही खुर्चीत हसलात. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

मग तुम्ही उठून आलात आणि त्या बुरुजांवरून हात फिरवला. एक डोळा बंद, दुसरा अधू, पण हात तेच, सिंदेवाहीकडच्या दहा गावांच्या बैलगाड्या केलेले.

"हे काऊन बांधून राह्यला?"

मी समजावलं.

"बरं. मंग माप घेताना गाडी कुठी होती?"

गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिवयांवर, उचललेली होती, चाकं काढलेली. मी म्हणालो, "बाबा, ही बैलगाडी नाई."

"चार चाकं तं हायेत ना? दोन जास्तच हायेत. खाली उतरव, मंग माप."

तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं, हे मी कधी कबूल केलं नाही. मी दहा-अकरा वर्षांचा, नव्या गाडीत धानाच्या पोत्यांवर बसलेलो, आणि तुम्ही खाली वाकून जुवाकडची शेवटची पाचर ठोकताय. रिकाम्या गाडीत तुम्ही शेवटची पाचर कधी ठोकली नाही. गिऱ्हाईक कंटाळायचं, म्हणायचं, मिस्त्री, पोते चढवा-उतरवाची मजुरी कोण देईल. तुम्ही म्हणायचात, रिकामी गाडी खोटं बोलते. पोरं त्यावर हसायची, मीही हसायचो.

शनिवारी दुपारी तुम्हाला खोटं पाडायला म्हणूनच मी गाडीला चाकं लावली आणि ती जमिनीवर उतरवली. दांडी तयार होती, काळा रंग वाळलेला, वेल्डिंगची ओळ अशी की बोट फिरवलं तर खडा लागू नये. एका बाजूची तीन भोकं बसली. दुसऱ्या बाजूची बसेनात. गाडी स्वतःच्या ओझ्यानं उभी राहिली तशी बुरुजांची डोकी आत झुकली होती. व्हर्नियरनं मोजलं, एक पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर. दांडी तेवढी लांब. कापून पुन्हा जोडायला दोन तास हवे होते, आणि शेठचा मुलगा चारला, म्हणजे तासाभरात, येणार होता. भोकं कानसून मोठी करता आली असती, पण मग ती दांडी धरून काय ठेवणार? मी गाडी परत जॅकवर उचलली. चाकं लोंबली, बुरूज आपल्या जागी गेले, दांडी लोण्यासारखी बसली. सहाही नट आवळले आणि गाडी खाली सोडली. खाली येताना पत्रा एकदाच कुरकुरला. तुम्ही तोवर उठून माठाजवळ गेला होतात आणि माझ्याकडे पाठ करून पाणी पीत होतात. एवढा वेळ कोणी पाणी पितं का?

चारला तो आला, फेरी मारून आला आणि गाडीतून उतरायच्या आधीच ओरडला, "मिस्त्री, कमाल! हात लावला की वळते!" मग त्यानं तुम्हालाच बाजूला बसवून मूल गावाकडच्या रोडनं नेलं. हिरवी पट्टी, धोतर आणि ती पिवळी गाडी. परत आल्यावर तुम्ही दोन्ही हातांनी दार धरून बाहेर निघालात आणि एवढंच म्हणालात, "लय खाली बसा लागते." नागपूरला त्याचा दुसरा नंबर आला. पेढे घेऊन आला, तेव्हा तुम्ही गावी परत गेला होतात.

आणि जाताना माझ्या टेबलावर जुन्या शर्टात गुंडाळून तुमचा लाकूड तासायचा वाकस ठेवून गेलात. पंधराव्या वर्षी मी त्याला हात लावला तेव्हा तुम्ही हिसकावून घेतला होता. लाकडाशी खोटेपणा करणाऱ्याच्या हाती हे हत्यार द्यायचं नाही, असं आईसमोर म्हणाला होतात, कारण मी चाकाच्या एका आऱ्याची चीर भुशानं बुजवली होती. मग त्याच आठवड्यात का दिला? तुमच्या डोळ्यानं आता काम होणार नव्हतं म्हणून? की दांडी बसली म्हणून? की ती कशी बसवली ते पाहिलं म्हणून? रागानं देत असाल तर धार लावून का दिला? मी पात्यावर अंगठा फिरवला होता. ताजी धार होती. बसमध्ये बसवून द्यायला मी आलो होतो, खिडकीखाली दहा मिनिटं उभा होतो, आणि विचारलं काय, तर औषधाचे थेंब किती वाजता टाकायचे. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

खरी पंचाईत पुढे आहे. दांडीला काही झालं नाही. गाडी चार वर्षं त्याच्याकडे होती. सर्व्हिसला आली की मी आधी बॉनेट उघडायचो आणि टॉर्च घेऊन दोन्ही बुरूज तपासायचो. एक चीर नाही, रंगाचा टवका नाही. मी चुकीचं केलं हे मला माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, आणि माझ्या सगळ्या कामांत वाहवा झाली ती त्याचीच. मग गाडी वळत होती ती दांडीमुळे, की दांडी दोन मिलिमीटर लांब राहून बुरुजांना बाहेर रेटत होती त्यामुळे? जमिनीवर एक नट सैल करून पाहिलं असतं तर कदाचित कळलं असतं. माझा हात धजला नाही. मागच्या वर्षी मी सायबर कॅफेत बसून तुमच्या नातीकडून अशा दांड्यांबद्दलचं इंग्रजीतलं वाचून घेतलं. एक म्हणतो, गाडी जमिनीवर उभी करूनच बसवा. दुसरा म्हणतो, मुद्दाम थोडा ताण ठेवा. दोघंही ठामपणे सांगतात. तुम्ही असता तर दोघांनाही विचारलं असतं, गाडीत पोते किती होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला कळतं. पण घरात एक गोष्ट चुकीची सांगितली जाते आणि ती मीच पसरवली आहे. तुमच्या तेराव्यानंतर नागपूरहून एक माणूस आला होता, गाड्यांचं सामान विकणारा. त्यानं शर्यतीत ती दांडी पाहिली होती. दुकानात ठेवायला तश्शाच पंचवीस करून द्या, म्हणाला. प्रत्येकी अठराशे, म्हणजे पंचेचाळीस हजार, अर्धे आगाऊ. मी नाही म्हणालो. तुमची सून आजही म्हणते, बापाच्या दुःखात होते, नाईतर सोडलं नसतं, आणि मी ते तसंच राहू दिलं. बाबा, त्या माणसानं पेन काढून मला फक्त माप विचारलं होतं, आणि हवेतलं की जमिनीवरचं, दोनातलं कोणतं सांगावं ते मला माहीत नव्हतं.