दर तिसऱ्या दगडाला

धार, कार्तिक वद्य ५, शके १८३५

चि. मालोजीस गणोजीचे आशीर्वाद. तू मामाचा मुलगा, वयानं धाकटा, म्हणून लिहिले. रीत मोडू नये. इकडे सर्व ठीक. थंडी पडू लागली आहे. मामांचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझे धनी तात्यासाहेब यांची फटफटी त्यांच्या वाड्यावरच्या उमाशंकरनं देवासहून बैलगाडीवर घालून आणली, तुझी चिठ्ठीही दिली. ‘तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही,’ असं लिहितोस. दोन वर्षांपूर्वी इंदुराहून येताना हीच गाडी पाहुण्यांदेखत बंद पडली, तेव्हा हाकणारा तू होतास आणि मिस्त्री मी. ‘गणोजीशिवाय हिला कोण बिघडवणार,’ असं तेव्हाही तूच म्हणाला होतास. चला, माझी कदर तुला आधीपासून होती.

प्लग काढला तो काळाकुट्ट आणि ओशट. पेट्रोल जास्त झालं तर काजळी कोरडी असते, बोटाला पीठ लागावं तशी. ही ओली होती, म्हणजे तेल. तारेच्या ब्रशानं घासला, पेट्रोलनं धुतला, ठिणगी पाहिली; झकास. पिस्टनच्या कड्याही शाबूत. म्हणजे दोष हाकणाऱ्यात. उमाशंकरला विचारलं, इंजिनात तेल सोडायचा हातपंप मालोजी कधी मारतो? म्हणाला, “भिया, हर तीसरे पत्थर पे. मालोजी गिन के मारे है, एक बी नी चूके.”

मी तुला शिकवलं होतं, दर तीन कोसांना एक पंप. आग्रा रस्त्यावरचे दगड इंग्रज साहेबाचे, मैलांचे. कोसाचे मैल होतात दोन. दुप्पट तेल पाजत राहिलास आणि दोन वर्षं प्लग पुसत बसलास. दगड मैलांचे आहेत हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तेवढी चूक माझी, आणि ती मी तात्यासाहेबांना लिहून कळवली.

पण गाडी बंद पडली तेव्हा तू टेकरीवरच्या देवीची शपथ घेऊन सांगितलंस, की गणोजीला टाकीत काही ओतताना पाहिलं. तात्यासाहेबांनी मला देवासची वेस बंद केली.

गेल्या मार्गशीर्षात अक्का गेली. माझी आई, तुझी आत्या. मला कळलं ते तेरावं झाल्यावर. अग्नी तू दिलास.

तू न लिहिलेलं परवा उमाशंकरनं जेवताना सांगितलं. दहाव्याला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. मामा म्हणाले घराकडे पाहीन, मामी म्हणाल्या गाय सांभाळीन. तू गप्प. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववलास. अक्काचा जीव कशात अडकला होता, हे त्या घाटावर एकट्या तुला ठाऊक होतं, मालोजी. गणोजीला परत आणतो, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी तू गवताचा कावळा केलास. हे मी विसरणार नाही, तुलाही विसरू देणार नाही.

मी गाडी माझ्या हिशेबानं बारा कोस फिरवली. प्लग भाकरीच्या पापुद्र्यासारखा तांबूस निघाला. गाडीत दुसरा बसवून तो तात्यासाहेबांकडे पाठवला, सोबत सगळी हकिकत. काल उत्तर आलं. वेस मोकळी झाली, आणि तुला काय शिक्षा द्यावी ते मीच सांगावं, असं लिहिलं आहे. मी कळवलं, नोकरी घेऊ नका. ही दया समजू नकोस. नोकरी गेलेला माणूस गाव सोडतो, आणि मला तू घाटावर हवा आहेस.

वर्षश्राद्धाला फटफटीवरून येतो. घास मी ठेवीन आणि बाजूला उभा राहीन. सगळ्या भावकीसमोर, देवीच्या शपथेवर काय खोटं बोललास ते तू सांगायचंस. कावळा शिवेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगायचंस, दिवस मावळला तरी.

दर्भ आणू नकोस.

अक्काचा मुलगा,
गणोजी