आठशे शब्दांत हार्लन फॉल्स

२ जुलै
उद्यापासून रोज सकाळी सहाला उठणे. कॉलेजात नव्याने येणाऱ्या पोरांना वाटायची पुस्तिका निघतेय, त्यात हार्लन फॉल्स या आमच्या शहराची ओळख मी लिहायची. संपादक मार्सीने फोन केला होता. आठशे शब्द, मुदत १ ऑगस्ट. जन्म इथे गेला. हातचा मळ आहे.

शेजारच्या मिसेस टॉलेफसनना सांगितलं. म्हणाल्या, आमच्या व्हर्ननबद्दल एक ओळ टाकशील का रे? एकच. व्हर्नन म्हणजे त्यांचे यजमान, दोन वर्षांपूर्वी गेले. एकतीस वर्षं कॉलेजची सहा नंबरची बस चालवली. म्हटलं, ओळ काय, अख्खा परिच्छेद टाकतो!

५ जुलै
काल चार जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. बियर, फटाके. लेखकाला विश्रांती लागते.

९ जुलै, सकाळी ११.२०
उठलो. मिसेस टॉलेफसननी रुबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री पाठवली. सोबत चिठ्ठी: बर्फ पडत असलं की व्हर्नन थांबा नसतानाही पोरांना गाडीत घ्यायचा, तेवढं लिही. पेस्ट्री संपवली. चिठ्ठी जपून ठेवलीय. कुठे, ते आठवेल.

१८ जुलै
पोरं सुट्टीवर, गाव आपलं. पाहणीसाठी तीन तास कॅफेत बसलो. निष्कर्ष: खिडकीजवळचं टेबल मिळतं. उद्या बस डेपोत जाऊन व्हर्ननची माहिती काढणार. नक्की.

१९ जुलै
उकाडा. डेपो कुठे पळून जातोय?

२६ जुलै
मिसेस टॉलेफसन कुंपणापाशी दिसल्या. मी गाडीत वाकून काहीतरी शोधलं. त्या आत जाईपर्यंत शोधलं. लाज वाटली. पण ती ओळ लिहिली की सगळं फिटेल.

१ ऑगस्ट
एका बैठकीत आठशे शब्द! नदी, स्टेडियम, शनिवारचा बाजार. शब्द भरेनात म्हणून पार्किंगचे नियम उतरवले. पाठवला.

संध्याकाळी ५
व्हर्नन राहिला. मार्सीला फोन केला. म्हणाली, बाबा रे, जागा संपली. शेवटचं वाक्य काढून त्याचं टाकू का? शेवटच्या वाक्यात लेखकाचा परिचय आहे. वाचकाला लेखक कळायला नको? पुढच्या वर्षी व्हर्ननला पूर्ण पान.

१६ ऑगस्ट
पुस्तिका आली. मिसेस टॉलेफसननी कॉलेजातून दहा प्रती आणल्यात. मुलाला, नातवंडांना, डेपोतल्या लोकांना पाठवणार. जेवण गेलं नाही. मी हलकट माणूस आहे. उद्या जाऊन खरं सांगणार.

१७ ऑगस्ट
गेलो. म्हणाल्या, मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही, तूच वाच. मी पार्किंगचं पान उघडलं आणि वाचलं: 'व्हर्नन टॉलेफसन यांनी एकतीस वर्षांत एकाही पोराला बर्फात उभं ठेवलं नाही. उशीर झाला तर दोष गाडीवर टाकला, पोरांवर कधी नाही.' महिनाभर सुचलं नाही ते एका दमात सुचलं.

त्या रडल्या. म्हणाल्या, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग पेन पुढे केलं, म्हणाल्या, त्याखाली रेघ मार, म्हणजे कुणाला शोधावं लागायचं नाही.

परवाना नसलेली गाडी मालकाच्या खर्चाने उचलून नेली जाईल, या वाक्याखाली मी दहाही प्रतींत रेघ मारली.