कुरडयांशेजारी रॉकेट

११ एप्रिल २०१६, सोमवार
प्यायला पाणी न्हाई अन् ह्या खेळण्याच्या खोक्यातला कागद म्हणतोय, जोडायच्या आधी रॉकेटचे सुटे पार्ट साबणानं धुवा! टँकर कधी येतो कधी न्हाई, दोन घागरीपायी बायका एकमेकींच्या झिंज्या धरायलेत, अन् ह्या प्लॅस्टिकला आंघोळ. लेकीला पुण्याला फोन लावला. म्हणलं, सत्ये, बापाच्या वाढदिवसाला टोपी-उपरणं पाठवायचं सोडून हे कावून पाठवलंस? म्हणाली, आई, आप्पा लहानपणच्या ज्या रॉकेटचं सांगतेत ना, तेच हाय हे. कंपनीनं जुन्या साच्यातून परत काढलंय. धुवावंच लागतंय, त्याला साच्याचं तेल असतंय.
धुतलं. त्याच पाण्यात भांडी विसळली. आता वरणाला रॉकेटचा वास.
ठरवलं: आखितीच्या सणाच्या आत रॉकेट जोडून उभं. मालकाला बसून बसून मरगळ आलीय. कारखान्यातला फिटर माणूस. दोन साल ऊस न्हाई, बॉयलर थंड. रिकामा हात गंजतो. दुसरं काय न्हाई.

१२ एप्रिल
आज गडी लई खुलला. बहात्तरच्या दुष्काळानंतर कारखान्याची उभारणी चाललीती, सासरा तिथं बिगारी. मुंबईकडच्या एका इंजिनेर साहेबाच्या पोराचं हे खेळणं अर्धवट पडलंतं, ते साहेबानं ह्यांना दिलं. ह्यांनी कागद न वाचता जोडलं. वाचता कुठं येत होतं, इंग्रजी. साहेब म्हणला, ह्या पोराला मोठा झाला की मशीनवर घ्या. सासूबाई दसऱ्याला पान्या-हातोड्यासंगं रॉकेटलाबी हळद-कुंकू लावायच्या.
ही गोष्ट मी लगीन झाल्यापासून ऐकते. आज पहिल्यांदा मन लावून ऐकली.

१४ एप्रिल, दुपार
पार्ट एकमेकात बसत न्हाईत. कडेनं प्लॅस्टिकचे पापुद्रे आलेत. हे म्हणाले, साचा जुना झाला, झिजला की असं होतंय, आपल्या कारखान्याच्या रोलरसारखं. मला लई बरं वाटलं. म्हणजे दोष साच्याचा हाय.
रॉकेटमधला माणूस शेंगदाण्याएवढा. ह्यांच्या चिमट्यातून सारखा पडत होता. शेवटी कोंबडीनं चोच मारली, तिच्या तोंडातून काढला. ह्या उन्हात कुणाचाबी हात हलतो. माझा न्हाई हलत, पण मला चुलीपुढची सवय हाय.

१७ एप्रिल
रॉकेटच्या काचेला गोंद लागला, काच पांढरी झाली, मोतीबिंदू झाल्यासारखी. गोंद खराब. नवा आणायचा.
हे दुपारी पारावर गेलते तेव्हा मी बसून दोन इंजिनं अन् दोन्ही पंख चिकटवून टाकले. आल्यावर बघत राहिले. कुणी केलं म्हणाले. म्हणलं, तुमीच की सकाळी, विसरलाव काय? बरं म्हणाले.
हे असंच करायचं. रोज थोडं. तेंना वाटंल आपणच केलं. हात आपोआप ताळ्यावर येतो.

१९ एप्रिल
मैनुद्दीनभाई आले, नांदूरघाटचे, मोटार वायंडिंगवाले. ह्यांचे जुने दोस्त. रॉकेट बघून म्हणाले, भाभी, गावात टँकर येईना अन् तुमी चंद्रावर चाललाव? तिथं बोअरला पाणी लागतंय का तेवढं बघून या. मी म्हणलं, लागलं तर तुमचीच मोटार बसवू, पण तिथं उधारी न्हाई. लई हसले.
जाताना मात्र चपला घालत हळूच म्हणाले, चहा पिताना बघितलं, ह्याचा कप बशीवर वाजत होता. अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवा एकदा.
म्हणलं, तुमी मोटारी बघा, माझ्या घरची माणसं मी बघते. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. उतरू दे. कपच हलका हाय तो. उद्या जड कप काढते.

२२ एप्रिल
जड कपबी वाजतो.

२४ एप्रिल
गोंद सुकत न्हाई म्हणून आज रॉकेट पत्र्यावर टाकलं, कुरडया घातल्यात त्याच साडीवर, त्यांच्याच शेजारी. आपल्याकडं काय बी वाळवायचं तर पत्राच. तासाभरात कडक होतंय.
उतरवायला गेले तर दोन्ही पंख वर वळलेले, तळलेल्या पापडासारखे. कुरडया झकास वाळल्या.
जुनं प्लॅस्टिक असं नव्हतं. हे परत काढलेलं म्हणजे नुसता फसवायचा धंदा. सत्येला फोनवर झापलं. ती म्हणाली, आई, तू रॉकेटवर ओरडतीस का माझ्यावर? आप्पा बरे हायेत ना? म्हणलं, ठणठणीत. फोन ठेवला. मग उगंच दाराला कडी घातली. दिवसाढवळ्या.

१ मे
कारखान्याचा माणूस आला. मशिनीची दुरुस्ती काढलीय, जूनमधी फिटर लोकांनी हजर व्हायचं. मी तोंडात साखर घातली त्याच्या. हे त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले, बराच वेळ बोलत होते. मी म्हणलं, बघा, आता हाताला काम मिळालं की झालं!
मी पंख गरम पाण्यात धरून सरळ केले. एक मोडला. परत चिकटवला. आता थोडंच राहिलंय.

४ मे
हे टीव्ही बघत बसलते. हात मांडीवर, अन् अंगठा-बोट असं चाललंय जसं वात वळायलेत. म्हणलं, वाती वळायच्या तर कापूस आणून देते. हसले न्हाईत. हाताकडं बघत राहिले, जसा कुण्या पाव्हण्याचा हात हाय.
मी टीव्हीचा आवाज वाढवला.
भ्या बिया काय वाटत न्हाई मला. उन्हाळाच वाईट हाय ह्या सालचा.

८ मे, रविवार
उद्या आखिती. रॉकेट पुरं करून सकाळी ह्यांच्यापुढं ठेवलं. म्हणलं, बघा, केलंत की न्हाई तुमी!
लई वेळ फिरवून फिरवून बघितलं. मग म्हणाले, छबू, डावा पंख उजवीकडं बसवलाय अन् उजवा डावीकडं. पहिल्याच दिवशी दिसलंतं मला. जलमभर फिटर हाय मी, माझं काम मला वळखू येत न्हाई काय?
मी म्हणलं, मग बोलला न्हाईत कावून?
म्हणाले, दिवाळीपासून हात असाच हाय. तू लपवायलीस म्हणून मीबी गप. तुला धीर यावा म्हणून रोज त्या डबड्यापुढं बसलो. कारखान्याच्या माणसाला त्याच दिवशी फाटकापाशी सांगितलं, मला कामावर धरू नका.
मी सांगायचा लई प्रयत्न केला. गोंद, ऊन, साचा. सगळं सांगितलं. शेवटी तोंडातून खरं आलं. म्हणलं, नका जाऊ डॉक्टरकडं. ते आजाराचं नाव सांगतेत. नाव नसलेली शेळी कुठंबी जाती, नाव ठेवलं की घरचीच होती. तसं होईल ह्याचं.
हे म्हणाले, नाव न ठेवताच रोज आपल्या ताटात जेवायलंय की ते.
मी रडले न्हाई. भांडी घासायला घेतली. पाणी नव्हतं, राखेनं नुसतीच घासत बसले. हे मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, गुरुवारी मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात चाललोय. बुधवार सकाळपर्यंत एकच सांग मला: तू संगं येतीस, का मैनुद्दीनला गाडी काढायला सांगू?